शेप्याची काडी

(दृश्य: पावसात उभा अर्धा आंबा. एका बाजूला फाटून काळं पडलेलं लाकूड, दुसऱ्या बाजूला एक हिरवी फांदी.)

हे आमच्या परड्यातलं झाड. म्हणजे त्याचा उरलेला अर्धा भाग. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि बाणकोटची खाडी ओलांडून त्याचा वारा मंडणगड, दापोलीपर्यंत घुसला. पत्रे गेले, कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या. या आंब्याची दक्षिणेकडची फांदी बुंध्यासकट फाटली आणि गोठ्यावर येऊन पडली. गोठा रिकामा होता, एवढंच नशीब.

झाडाचं नाव शेप्या. फळ लहान, मुठीत मावणारं, सालीवर काळे ठिपके. पण देठाकडे दात लावला की शेपूच्या भाजीसारखा वास येतो. मुंबईच्या पाहुण्यांना तो पहिल्या घासाला आवडत नाही. आम्ही मात्र त्याचंच रायतं खाऊन मोठे झालो. कोकणात अशा आंब्यांना रायवळ म्हणतात: कुणी मुद्दाम लावलेले नाहीत, बाठ्यातून आपोआप उगवलेले. त्यातला प्रत्येक वेगळा असतो, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं नाव मिळतं. खोबऱ्या, साखऱ्या, गोटी, केळ्या. आणि झाड गेलं की ते नावही जातं, कारण तसं दुसरं झाड कुठेच नसतं.

मला हे तेव्हा कळत नव्हतं. वादळानंतरच्या उन्हाळ्यात उरलेल्या फांदीला जेमतेम दोन टोपल्या आंबे लागले. आत्याने रस काढला आणि मी बाठे धुऊन ओळीने मांडून ठेवले. पावसात रुजत घालायचे, दहा झाडं करायची, असा माझा बेत. शेजारचे तात्या कुंपणापाशी उभे राहून बघत होते. त्यांनी आयुष्यातली पस्तीस वर्षं रोपवाटिकांमध्ये कलमं बांधली.

ते म्हणाले, “बाय, झाड येईल. शेप्या नाय येणार.”

(दृश्य: फोडलेला बाठा, आतली कोय.)

कारण साधं आहे. आंब्याच्या मोहोरावर माशा फिरतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात. शेप्याच्या बाठ्यात आई शेप्या असते, बाप कोण ते ठाऊक नसतं. येणारं रोप दोघांचं. केरळकडे अशा काही जाती आहेत की एका बाठ्यातून अनेक रोपं फुटतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच निपजतात. आपल्या हापूसचं किंवा शेप्याचं तसं नाही. इथे एका बाठ्याचं एकच रोप, आणि ते नव्या माणसासारखं नवं.

हेच सफरचंदाचं. गोड सफरचंदाची बी पेरली तर काय येईल याचा नेम नाही. म्हणून हिमाचलातले बागवानही हव्या त्या झाडाची काडीच दुसऱ्या रोपावर बांधतात. फरक एवढाच, की ते थंडीत झाड झोपलेलं असताना काडी काढतात आणि आपण भर पावसात.

म्हणजे शेप्या हवा असेल तर शेप्याचीच काडी हवी, आणि तिला पाय मात्र दुसऱ्याचे द्यायचे. हे कलम. हा शब्द अरबीतून, फारसीतून आपल्याकडे आला. बोरूला कलम म्हणतात, कायद्यातल्या अटीला कलम म्हणतात, आणि सुरीने टोक काढलेली ही आंब्याची काडीही कलमच. फक्त हे कलम आपण लिहीत नाही, बांधतो. गोव्यात पोर्तुगिजांनी आंब्यावर हे काम नेटाने केलं. हापूसच्या नावात त्यांचा सेनापती आफोन्सो द आल्बुकेर्क अजून बसलेला आहे. गोव्याचा मानकुराद काय, आमचा हापूस काय, प्रत्येक झाड कुणीतरी हाताने पुढच्या झाडात बांधलं म्हणून आज आहे.

तात्या लहान होते तेव्हा भेट कलम चाले. रायवळाचं रोप मडक्यात वाढवायचं, ते मडकं मोठ्या झाडाच्या फांदीपाशी मांडव घालून वर चढवायचं, रोपाची आणि फांदीची साल तासून दोघांना एकमेकांशी बांधायचं. मग दोन-तीन महिने रोज वर चढून पाणी घालायचं. जोड लागला की फांदी खालून कापायची. तात्यांच्या वडिलांचा खांदा त्या पाण्याच्या घागरींनी कायमचा वाकला होता. भेट कलम हे नाव मला फार आवडतं, पण ते करणाऱ्यांचे हाल ऐकल्यावर ती पद्धत मागे पडली ते बरं झालं असंच वाटतं.

आता कोय कलम. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत बसवली आणि कोकणभर पोचवली. झाडावर चढायचं नाही, महिनोन्‌महिने थांबायचं नाही. ओटीवर मांडी घालून बसायचं आणि बांधायचं.

(दृश्य: वाळू-मातीचा वाफा. जमिनीतून वर आलेले तांबूस कोंब.)

जूनमध्ये ताजे रायवळ बाठे वाफ्यात घातले. ताजे म्हणजे ताजेच, कारण बाठा महिनाभर सुकला की रुजायची ताकद हरवतो. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर आले. तांब्याच्या भांड्याला चिंच लावल्यावर येतो तसा रंग. कलम याच कोवळ्या रोपावर बांधायचं असतं, आठ ते पंधरा दिवसांच्या. खोड अजून तांबूस, बोटाने दाबलं तर दबेल असं. पानं हिरवी झाली आणि खोड लाकडासारखं झालं की वेळ गेली.

मला वाटायचं, एवढ्या पोराच्या मुळांवर मोठ्या झाडाची काडी जगणार कशी? तात्यांनी एक रोप वाफ्यातून उचललं आणि खाली लोंबणारा बाठा दाखवला. “हा हिचा डबा,” म्हणाले. कोयीतल्या जाड दलांमध्ये अन्न भरलेलं असतं. मुळं जोर धरेपर्यंत आणि काडीला पानं फुटेपर्यंत दोघांना तोच बाठा पोसतो. म्हणून रोप उपटताना बाठा तुटता कामा नये. मी पहिल्याच दिवशी नळाखाली माती धुताना तीन रोपांचे बाठे तोडले. तात्या काही बोलले नाहीत. ती तीन रोपं त्यांनी बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर चौथं ठेवलं.

आता काडी. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली आणि ती नीट सांगते, कारण घरी शिकणारे बहुतेक जण इथेच अडतात. शेप्याच्या फांदीवर चढून मी छान हिरव्या, पानांनी भरलेल्या काड्या कापल्या, पानं काढली आणि त्याच संध्याकाळी बांधल्या. बारा कलमं. दहाव्या दिवशी पहिली काडी काळी पडली. पंधराव्या दिवशी बारापैकी एकही हिरवी नव्हती.

तात्यांनी एक काडी जोडापासून सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. काडी वाळलेली, डोळा बंद. “हिला फुटायचंच नव्हतं,” म्हणाले.

काडी तीन-चार महिन्यांची हवी, गर्द हिरवी, गोल, उन्हात वाढलेली. आणि कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं झाडावरच कापायची, फक्त डेखं, म्हणजे पानांचे देठ, ठेवून. पानं गेली की फांदी शेंड्याच्या डोळ्याकडे जोर लावते. डोळा फुगतो. डेखं पिवळी पडून बोट लावताच गळायला लागली, की काडी तयार झाली असं समजायचं. म्हणजे काडी झाडावर असतानाच फुटायच्या तयारीत असते, आणि नेमक्या त्या क्षणी आपण तिला उचलून दुसऱ्या मुळांवर बसवतो. मी झोपलेली काडी उचलली होती.

(दृश्य: ओटी. जमिनीवर पाट, त्यावर सुरी, ओलं फडकं, प्लास्टिकच्या पट्ट्या. कॅमेरा हातांवर.)

पुढच्या जुलैत पुन्हा बसले. या वेळी वीस रोपं, आणि आठ दिवस आधी पानं उतरवलेल्या वीस काड्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.

हात बघा, तात्यांचे. रोप बाठ्यापासून चार बोटांवर आडवं कापलं. कापलेल्या खोडाच्या बरोबर मधून खाली दीड इंच चीर. काडी वीतभराहून थोडी कमी. तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढीच लांब पाचर. सुरी एकदाच ओढायची. पेन्सिलीला टोक काढतात तसं खरवडलं की पृष्ठभागावर लाटा उठतात, आणि त्या लाटांमध्ये हवा राहते. मला हे साधायला दोन उन्हाळे लागले. मे महिन्यात कण्हेरीच्या, तगरीच्या, जी सापडेल ती काडी घेऊन मी पाचरी काढत बसायची. घरचे हसले, तरी मी थांबले नाही.

पाचर चिरेत बसवताना बघायचं ते एकच: साल आणि लाकूड यांच्या मधला पातळ, ओलसर, हिरवट थर. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे. शेतकी कॉलेजातली मुलं त्याला कॅम्बियम म्हणतात. काडीचा हा थर रोपाच्या थराला टेकला पाहिजे. टेकला तर दोन्हीकडून नव्या पेशी येतात आणि जखम भरताना दोघांची एकच वाट होते. काडी आणि खोड सारख्याच जाडीचे असले तर काम सोपं. काडी बारीक असली तर ती मधोमध ठेवायची नाही, एका कडेला सरकवायची, म्हणजे निदान एका बाजूचे थर जुळतात.

मग पट्टी. बोटभर रुंद प्लास्टिकची, ताणून घट्ट. कुठून सुरू करायची, वरून की खालून? मी वरून खाली बांधत होते. तात्यांनी मला घराचं छप्पर दाखवलं. कौलं कशी घालतात? खालून वर. वरचं कौल खालच्यावर चढतं, म्हणून पाणी बाहेर ओघळतं. पट्टीही तशीच, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. माझ्या पहिल्या बारा कलमांच्या जोडांमध्ये पाणी शिरलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

बांधलेलं रोप बाठ्यासकट माती-शेणखताच्या पिशवीत लावलं. काडीवर बर्फाच्या कांडीची अरुंद प्लास्टिक पिशवी टोपीसारखी चढवली, आतला ओलावा टिकावा म्हणून. आणि सगळ्या पिशव्या पागोळ्यांपासून दूर, फणसाच्या सावलीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस करण्यासारखं काही नसतं, आणि तेच अवघड जातं. हात शिवशिवतात. पट्टी जरा सोडून बघावी वाटते. सोडायची नाही.

(दृश्य: टोपीच्या आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब. त्यामागे अस्पष्ट तांबूस काहीतरी.)

सतराव्या दिवशी एका टोपीत असा रंग दिसला. मी आत्याला हाक मारली. ती परकराला हात पुसत आली, खाली वाकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

विसापैकी सात जगली. तात्यांच्या हातून वीस बांधली असती तर पंधरा-सोळा तरी जगली असती. पण ही सात माझी होती. त्यातल्या दोनांच्या जोडाखालून रायवळाचे कोंब फुटले, जोमदार, वरच्या काडीहून देखणे. ते खुडायचे असतात, दिसतील तेव्हा आणि न कंटाळता. खुडले नाहीत तर मुळं आपल्या सख्ख्या फांदीलाच पोसतात, आणि वरचा शेप्या कधी वाळला ते कळतही नाही. तीन महिन्यांनी पट्ट्या कापल्या. राहिल्या असत्या तर खोडात रुतल्या असत्या.

पुढच्या पावसात जुन्या झाडापासून तीस फुटांवर एक लावलं. जोड मातीच्या वर राहील असं. दोन आत्याच्या सासरी गेली, एक तात्यांनी मागून घेतलं. बाकीची तीन वाडीत. परड्यातल्या झाडाला यंदा मोहोर आला, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. तात्या म्हणाले, खुड. एवढ्या लहान झाडाने फळ धरलं की वाढ खुंटते. मी खुडला. बोटांना चीक लागला होता, तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

(दृश्य: ओटी. पाऊस. पायऱ्यांवर भिजलेली छत्री.)

गेल्या आठवड्यात खालच्या वाडीतली एक वहिनी आली. हातात ओलं फडकं. त्यांच्या दारातला खोबऱ्या उद्या तोडणार आहेत, घराची एक खोली वाढवायची आहे म्हणून. सासूबाईंनी तीन वेळ जेवण सोडलंय.

फडक्यात नऊ काड्या. सगळ्यांची पानं आजच काढलेली.

“आठ दिवस आधी काढायला हवी होती,” मी म्हटलं.

“आठ दिवस नायत ना,” ती म्हणाली.

मी एकेक काडी उजेडात धरून बघितली. सहांचे डोळे मिटलेले. तिघांचे किंचित फुगलेले, कदाचित त्यांची पानं आपणहून गळायला आली असावीत. वाफ्यात रोपं होती, तांबूस, बारा दिवसांची. तात्यांना बोलवायला मुलाला पाठवलं, पण त्यांची वाट न बघता पाट पुढे ओढला, सुरी दगडावर दोनदा फिरवली आणि तिघांपैकी सगळ्यात जाड काडी हातात घेतली.