आधी खांदा, मग कंबर

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते वापरलेल्या ड्रेसबद्दल. कुणीतरी आधी घातलेला आणि मग आपल्याकडे आलेला ड्रेस. कापड छान असतं, रंग मनात भरलेला असतो, पण अंगात घातला की कुठेतरी बिनसतं. असा ड्रेस घरच्या घरी आपल्या अंगाला शोभेलसा कसा करायचा, हा आजचा विषय. सगळं सांगायला वेळ पुरेल की नाही कोण जाणे, म्हणून एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा. सुरुवात खांद्यापासून करायची. कंबरेपासून नाही, लांबीपासून नाही. खांद्यापासून.

हे मला आईने शिकवलं. ज्या ड्रेसवर शिकवलं, त्याची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

ड्रेस सुती होता, वांगी रंगाचा. कोपरापर्यंत बाह्या, छातीपासून कंबरेपर्यंत बटणं, खाली भरपूर घेर. जुन्या कपड्यांच्या ढिगात हाताला लागला आणि कापडाचा पोत इतका मऊ होता की मी तो परत ठेवलाच नाही. घरी आणून घातला, तर गोणपाटासारखा लोंबायला लागला. मला वाटलं, कंबरेत सैल आहे, एवढंच. त्याच संध्याकाळी मशीनवर बसले आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईत एकेक इंच आत टीप मारून मोकळी झाले.

आता हिशोब बघा. एका बाजूला एक इंच आत टीप मारली, की पुढच्या भागाचा एक आणि मागच्या भागाचा एक, असे दोन इंच जातात. दोन बाजू मिळून चार. मला कमी करायचे होते दोन इंच, आणि गेले चार. ही चूक फार जणींकडून होते, म्हणून पुन्हा सांगते: दोन्ही बाजूंना आत घ्यायचं तर जेवढं कमी करायचंय त्याला चाराने भागायचं. दोन इंच कमी हवेत, तर टीप अर्धाच इंच आत.

सकाळी घातला तर कंबरेत करकचून आवळलेला आणि वर मात्र तसाच ढगळ. बाहीची शिलाई खांद्यावरून घसरून दंडावर आलेली. गळ्यापासून काखेपर्यंत दोन तिरक्या चुण्या. आई तेव्हा माझ्याकडे आली होती. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "आतलं कापड कापलंस का?"

म्हटलं, "नाही."

"मग काही बिघडलेलं नाही. काढ तो, आणि उलटा करून माझ्याकडे दे."

श्रोतेहो, ड्रेस वाचायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. आईने तो उलटा करून मांडीवर पसरला आणि शिवणीवरून बोट फिरवत गेली. बाजूच्या शिलाईजवळ तिचं बोट थांबलं. माझ्या टिपेच्या शेजारी बारीक भोकांची आणखी एक रांग होती, सुईची. "हे बघ, कुणीतरी हा आधी आत घेतला होता आणि मग पुन्हा सोडला." मग खालची दुमड उलगडली. आत आडव्या तीन फिकट रेघा होत्या, एकीखाली एक. तीन वेळा लांबी कमी-जास्त केल्याच्या खुणा. आणि त्या रेघांच्या मधलं कापड, जे वर्षानुवर्षं दुमडीत राहिलं होतं, ऊन ज्याला कधी लागलंच नव्हतं, ते गडद होतं. ड्रेसचा खरा रंग तो होता. बाहेरचा वांगी रंग म्हणजे उडून उरलेला.

मी तो रंग बघतच राहिले. ज्या बाईने हा ड्रेस तीन वेळा उसवून शिवला, तिने आत भरपूर कापड ठेवलं होतं, म्हणून आज तो माझ्या हातात होता. शिवणीच्या आत सोडलेल्या त्या जादा कापडाला आपण माया म्हणतो. इतका नेमका शब्द शिवणकामात दुसरा नाही. आणि जाता जाता एक मनातलं बोलून घेते: आजकाल बऱ्याच तयार कपड्यांत माया जेमतेमच असते, कडेला ओव्हरलॉक, म्हणजे मशीनने दोऱ्याची गुंफण, मारला की संपलं. असा कपडा पुढे कुणाच्या अंगाला होणार? कपडा विकत घेताना मी आधी आतली शिवण बघते, मग रंग. तुम्हीही बघा.

तर आईने माझी टीप उसवायला लावली. सगळी. मग मला तो ड्रेस उलटाच घालून आरशासमोर उभं केलं. हात खाली सोडलेले, मान सरळ. "खाली वाकून बघू नकोस, वाकलीस की माप बदलतं." आणि तिने कंबरेला हातच लावला नाही. खांद्याच्या टोकाला, बाहीजवळ, पुढचं-मागचं कापड चिमटीत धरलं, अर्धा इंच, आणि तिथून गळ्याकडे उतरतं करत शून्यावर आणलं. चार टाचण्या लावल्या.

चुण्या गेल्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या दोन्ही तिरक्या चुण्या गेल्या. नुसत्या चुण्या गेल्या नाहीत, छातीचा टक्स, म्हणजे आकारासाठी कापड चिमटून शिवलेली निमुळती घडी, खाली उतरला होता, तो जागेवर आला. कंबरेची शिवण पोटावर होती, ती कंबरेवर आली. टाचण्या होत्या खांद्यावर आणि सुधारणा झाली खालपर्यंत! आई म्हणाली, "ड्रेस अंगावर टांगलेला असतो. खुंटी वाकडी असेल तर सदरा खाली ओढून सरळ होतो का?"

नंतर कंबरेत जेमतेम दोन इंच जास्त उरले. बाजूला पाव-पाव इंच आत घेतलं, म्हणजे एक इंच गेला. उरलेल्या इंचासाठी पाठीत दोन उभे टक्स घातले. मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते, मासोळीच्या आकाराचे. पाठीला जो बाक आला, तो नुसत्या बाजूच्या शिलाईने कधीच आला नसता.

खांद्याचं काम मात्र तिथे संपलं नाही, हेही सांगायला हवं. खांदा अर्धा इंच वर उचलला की मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक, तेवढा लहान होतो आणि काखेत काचतो. म्हणून बाह्या काढल्या, काखेत मुंढा अर्धा इंच खोल केला, खांद्याची रुंदी बाहेरून थोडी छाटली आणि बाह्या परत बसवल्या. बाही काढण्याआधी आईने बाहीवर आणि मुंढ्यावर समोरासमोर रंगीत दोऱ्याचे टाके घातले होते, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडेच बसावी म्हणून. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. आई एकदाही घाई कर म्हणाली नाही.

शेवटी लांबी. ड्रेस पोटरीच्या मध्यावर येत होता, तो गुडघ्याखाली चार बोटं ठेवला. खालून जी पट्टी निघाली, तिच्यातला दोन फिकट रेघांच्या मधला गडद भाग आईने नेमका कापून काढला, जोड देऊन दुहेरी शिवला आणि मला पट्टा करून दिला. उडालेल्या वांगी रंगावर मूळचा गडद वांगी. तो पट्टा बांधल्यावर ड्रेस असा बसला की मी माझ्यासाठी मापं देऊन शिवून घेतलेला एकही कपडा तसा बसल्याचं मला आठवत नाही.

पट्ट्यावरून आठवलं. १९३८ साली क्लेअर मॅकार्डेल या अमेरिकन डिझायनरने एक ड्रेस आणला, मॉनॅस्टिक ड्रेस म्हणून तो ओळखला जातो. त्याला कंबरच नव्हती. खांद्यावरून सरळ घोळदार उतरायचा, आणि बाई जिथे पट्टा बांधेल तिथे त्याची कंबर. म्हणजे तुमच्या हाती एखादा अगदीच बिनआकाराचा ड्रेस आला आणि खांदा नीट बसत असेल, तर कदाचित सुई-दोऱ्याला हातही लावावा लागणार नाही. आधी पट्टा बांधून बघा.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा बाकीचं भरभर सांगते.

ड्रेस आणला की आधी धुवा. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर सगळी मेहनत वाया. धुवून, इस्त्री करून, मग उलटा करा आणि माया किती आहे ते बघा. घट्ट असलेला ड्रेस सैल करायचा तर मायेशिवाय गती नाही. सैलाचा घट्ट करणं सोपं. म्हणून दोन ड्रेसमध्ये निवड करायची असेल तर सैल घ्या, पण खांद्यात फार सैल नको. आणि लेबलवरच्या नंबराकडे लक्ष देऊ नका. प्रत्येक कंपनीचं माप निराळं, तो नंबर म्हणजे काही तुमच्या अंगाची किंमत नव्हे. नंबर वाचून हिरमुसलेल्या मुली मी बघितल्यात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मखमल, सॅटिन, चामडं यांवर सुईची भोकं राहतात. तिथे आत घेता येतं, सोडता येत नाही.

आधी टाचण्या, मग कच्चा टाका, मग घालून बघायचं, बसून बघायचं, हात वर करून बघायचं. मगच मशीन. टक्स शिवताना रुंद भागाकडून टोकाकडे या, टोकाला मशीन मागेपुढे करू नका, दोरे लांब सोडून हाताने गाठ मारा, नाहीतर टोकाशी फुगा येतो. मासोळी टक्स असेल तर मधून सुरू करून एकेका टोकाकडे. छातीच्या टक्सचं टोक उंचवट्याच्या इंचभर अलीकडे थांबवा. आणि प्रत्येक टीप मारली की लगेच इस्त्री. प्रत्येक. कपडा घरी शिवल्यासारखा दिसतो तो शिवणीमुळे क्वचित, इस्त्री न केल्यामुळे जास्त.

बाजूची शिलाई उसवलेलीच आहे तर खिसा लावून घ्या. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसावेत, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. आणि हे सगळं करताना घरातल्या मुलांना, म्हणजे मुलग्यांनाही, शेजारी बसवा. बटण लावणं आणि दुमड घालणं ज्याला येत नाही, त्याचं शिक्षण अर्धं राहिलं असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबी सगळ्यात शेवटी. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचा घेर असेल तर ड्रेस रात्रभर हँगरला टांगून ठेवा, कापड कुठेकुठे खाली उतरतं, मग जमिनीपासून माप घेऊन खूण करा. आणि आतली माया कापू नका. निदान चार-सहा वेळा घालून, धुवून होईपर्यंत तरी कापू नका.

माझ्या त्या ड्रेसची मी आजतागायत कापलेली नाही. तो आता भाचीकडे आहे. तिचे खांदे माझ्यासारखे उतरते नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात तिने तो उलटा करून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मावशी, खांद्यात अर्धा इंच सोडता येईल?" आम्ही दोघींनी मिळून आईची टीप उसवली. खाली कापड होतं, गडद वांगी.

नमस्कार.