नैरोबी : तीन बाजूंना कुंपण, चौथी मोकळी

सकाळचे सहा वाजलेत, पार्कचं गेट आत्ताच उघडलंय, आणि हा समोर उभा असलेला जिराफ बघा, त्याच्या मानेमागे ज्या उंच बिल्डिंगा दिसतायत ना ते नैरोबी शहर आहे, केनियाची राजधानी, इथून जेमतेम सात किलोमीटर.

नैरोबी नॅशनल पार्क १९४६ साली झालं, केनियातलं पहिलंच. ११७ चौरस किलोमीटर म्हणजे आफ्रिकेच्या मानाने लहानच, पण सिंह आहेत, झेब्रे आहेत, बफेलो आहेत आणि मुख्य म्हणजे काळे गेंडे. १९७० च्या सुमाराला केनियात वीस हजारांच्या आसपास काळे गेंडे होते, शिंगासाठी शिकार इतकी झाली की १९८० च्या दशकाच्या शेवटी चारशेसुद्धा उरले नाहीत, म्हणून पहाऱ्यात का होईना पण असा निवांत चरणारा गेंडा दिसला की गाडीत कुणी काही बोलतच नाही.

पार्कात जंगली हत्ती मात्र नाहीत. पण ही जागा बघा, इथे १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत पेटवून दिलं, आणि २०१६ मध्ये, उहुरु केन्याटा राष्ट्राध्यक्ष असताना, तर १०५ टन. एवढं महागाचं जाळायचं कशाला? तर ते विकलं की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की परत हत्तीच मरतात.

मेलेल्या हत्तिणीच्या पिल्लाचं काय होतं ते बघायचं असेल तर पार्कच्या कडेला असलेल्या शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथालयात जा. सकाळी ११ ते १२ असा एकच तास असतो, बुकिंग आधी करावं लागतं. हिरवा कोट घातलेले हे कीपर या पिल्लांना दर तीन तासांनी बाटलीने दूध पाजतात, रात्री त्यांच्याच खोलीत झोपतात, आणि रोज माणूस बदलतात, कारण एकाच माणसाचा लळा लागला आणि तो सुट्टीवर गेला तर पिल्लू खाणंपिणं सोडतं. मोठी झाली की त्यांना त्सावोच्या जंगलात नेतात, तिथे ती हळूहळू रानातल्या कळपात मिसळतात. माझ्या मते नैरोबीत एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर हीच बघा.

लांगाटाला जिराफ सेंटर आहे, नॅशनल म्युझियममध्ये साधारण पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या तुर्काना बॉयचा, म्हणजे एका आदिमानव मुलाचा सांगाडा आहे, दोन्ही जमवाच.

पण रेल्वे म्युझियम चुकवू नका, कारण हे शहरच रेल्वेमुळे झालंय. १८९९ मध्ये मोंबासाहून रूळ इथे पोचले तेव्हा नुसती पाणथळ जागा होती, एन्कारे न्यिरोबी, इथल्या मसाई लोकांच्या भाषेत थंड पाणी. रूळ टाकायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर आणले होते, त्यातले जवळजवळ अडीच हजार मेले, आणि आजही इथे वाहनाला गारी म्हणतात, म्हणजे आपली गाडीच. म्युझियममधल्या या डब्यात १९०० साली चार्ल्स रायल नावाचा पोलीस अधिकारी नरभक्षक सिंहाची वाट बघत बसला होता, त्याला झोप लागली, आणि सिंहाने आत शिरून त्यालाच ओढून नेलं. ही खिडकी त्याच डब्याची.

आता नवी रेल्वे पार्कवरून जाते, हा लांबलचक पूल तिचाच, आणि खाली झेब्रे चरतायत.

पार्कला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी. पावसाळ्यात झेब्रे आणि विल्डबीस्ट (गायीसारखे दिसणारे मोठे कुरंग) तिथूनच बाहेरच्या मैदानांत जातात आणि कोरडे दिवस आले की पाण्यासाठी परत येतात. पण आता त्या मैदानात घरं, फॅक्टऱ्या आणि तारांची कुंपणं वाढलीत, जमीन मोकळी ठेवायची म्हणून मसाई मालकांना पैसे देण्याची योजनाही करून बघितली, आणि तरी वाट दरवर्षी अरुंद होतेय, ती पूर्ण बंद झाली तर हे पार्क म्हणजे एक मोठा पिंजरा होईल, मला खरंच भीती वाटते त्याची.

संध्याकाळ झालीय. ही म्बागाथी नदी, पार्कची दक्षिण हद्द. पलीकडच्या काठावर झेब्र्यांचा कळप थांबलाय, पुढची मादी कान टवकारून बघतेय, आणि आता ती पाण्यात उतरली.