कपाशीच्या पानावरचं मिथेनॉल

[परभणी जिल्हा. कोरडवाहू कपाशी, सकाळची वेळ]

पावसाने उघडीप दिलीय. खुरपणी आटोपत आलीय. आणि टोबलेली सरकी गुडघ्याला लागलीय. ढेकळं कोरडी पडली तरी शेंड्याची कोवळी पानं वाढतच आहेत.

पान वाढायचं तर पेशींच्या भिंतींची रचना सतत बदलावी लागते. या भिंतींत पेक्टिन असतं. कवठाची जेली ज्याच्यामुळे घट्ट बसते, तेच. भिंतीतलंच एक विकर पेक्टिनला चिकटलेले मिथाइल गट सोडवतं आणि त्यातून मिथेनॉल तयार होतं. विषारी दारूत सापडतं, तेच मिथेनॉल. ते हे झाड रोज बनवतं.

[सूक्ष्मदर्शकाखाली पानाची साल]

ओठांसारखी दिसणारी ही पर्णरंध्रं रात्री बहुतांशी मिटलेली असतात, तेव्हा मिथेनॉल पानातच साठतं. ऊन चढलं, रंध्रं उघडली, की ते एकदम बाहेर पडतं. म्हणून सकाळी त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. पृथ्वीच्या हवेतल्या मिथेनॉलचा सगळ्यात मोठा स्रोत वनस्पतीच आहेत.

आत राहिलेलं झाड पचवतं. मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड होतं, फॉर्माल्डिहाइडचं फॉर्मिक आम्ल. माणसाच्या शरीरातही इथपर्यंत हेच घडतं. पण आपल्याकडून फॉर्मिक आम्ल फार सावकाश निघतं, ते साठतं आणि डोळ्यांची नस जाते. झाडाच्या तंतुकणिकांमध्ये मात्र या आम्लासाठी स्वतंत्र विकर असतं. ते आम्लाचा कार्बन डायऑक्साइड करतं, आणि तो हिरव्या पानात पुन्हा साखर होऊ शकतो. काही फॉर्मिक आम्ल फोलेट या जीवनसत्त्वाच्या वाटेने सेरीन या अमिनो आम्लात जातं. एकाच कार्बनचा एवढासा रेणू, पण झाड तो वाया घालवत नाही.

[प्रयोगशाळा. काचेची बशी]

हे नीट बघा. कपाशीचं पान या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, नुसतं दाबून उचललं. अगारमध्ये क्षार आहेत, आणि कार्बन म्हणून फक्त मिथेनॉल. काही दिवसांनी पानाच्या ठशातच हे गुलाबी ठिपके उगवले. हे मिथायलोबॅक्टेरियम. रंध्रांतून येणाऱ्या मिथेनॉलवर हे जिवाणू पानावर जगतात. यातले कित्येक सायटोकायनिन, ऑक्सिन अशी वाढीची संप्रेरकंही तयार करतात. आपण पान बघतो तेव्हा त्यावरची ही वस्ती कधी मोजतच नाही. डाव्या बशीत शेंड्याचं पान आहे, उजव्या बशीत खालचं जून पान. दोन्हीकडचा गुलाबी रंग बघा.

[पुन्हा वावर. फवारणीचा पंप]

प्रकाशसंश्लेषणातला कार्बनचा मार्ग उलगडणाऱ्यांपैकी एक, अँड्र्यू बेन्सन. त्यांनी आणि आर्थर नोनोमुरा यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातल्या पिकांवर मिथेनॉल फवारून उत्पन्न वाढल्याचं मांडलं. त्यात कापूस होता. ज्वारीसारख्या पिकांना फायदा दिसला नव्हता. पुढे अनेक ठिकाणच्या चाचण्यांत ती वाढ हाती लागली नाही. मिथेनॉल श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जातं, त्यामुळे ते पंपात भरू नये.

जिवाणूंची गोष्ट वेगळी. कोइमतूरचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ पाण्याचा ताण पडलेल्या पिकांवर याच गुलाबी जिवाणूंची फवारणी सुचवतं. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, नेमकी तेव्हा कपाशी पात्या-फुलांवर असते. असल्या खंडात तगलेल्या इथल्याच पानांवर कोणते जिवाणू टिकलेत, ते वेगळे काढायला हवेत आणि इथल्याच कोरडवाहू वावरात, फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळी शेजारी-शेजारी ठेवून तपासायला हवेत. त्याची सुरुवात या बशीतून होऊ शकते.