तांबडं नागकेशर, काळं नागकेशर

मंडळी, नागकेशराचा विषय घेतला तो वेंगुर्ल्यात बोलायचं होतं म्हणूनच. इथल्या आसोली गावाकडे सुरंगी फुलते तेव्हा काही कळ्या गजऱ्यांना जातात, बाकीच्या वाळवून व्यापाऱ्याकडे. पुढे काष्ठौषधींच्या, म्हणजे वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांच्या बाजारात हीच कळी 'तांबडं नागकेशर' म्हणून विकली जाते. 'काळं नागकेशर' म्हणजे दालचिनीच्या जातीतल्या झाडांची कोवळी, वाळलेली फळं. आणि आयुर्वेदिक फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथाने, नागकेशर म्हणून मान्य केले आहेत ते नागचाफ्याचे पुंकेसर. नाव एक, झाडं तीन, आणि वापरायचा भागही दरवेळी वेगळा.

याला सरसकट भेसळ म्हणायला मी तयार नाही. बदली द्रव्य घेणं आपल्या शास्त्राला मान्यच आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात अशी यादीच दिली आहे: अतिविष नसेल तर नागरमोथा, मेदा-महामेदा नसतील तर शतावरी, काकोली नसेल तर अश्वगंधा. पण तिथेच अटीही आहेत. रस (चव), वीर्य (उष्ण-शीत गुण), विपाक (पचनानंतरचा परिणाम) जुळले पाहिजेत, आणि योगातलं, म्हणजे औषधी मिश्रणातलं, प्रधान द्रव्य बदलायचं नाही. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते, आणि तिचाच आपल्याला सर्वांत आधी विसर पडतो.

चातुर्जात हा चार द्रव्यांचा योग घ्या: दालचिनी, वेलची, तमालपत्र आणि नागकेशर. इथे नागकेशर चौघांतलं एक. तरीही त्यात काळं नागकेशर घातलं तर चारांपैकी तीन द्रव्यं दालचिनीच्याच वंशातली होतात. मग तो योग तोच राहिला का? रक्तार्शात, म्हणजे रक्ती मूळव्याधीत, लोणी-साखरेतून नागकेशर देतात, तिथे तर तेच प्रधान. रक्त थांबवण्याचं काम त्याच्यावरच सोपवलेलं असतं. तिथे बाजारातून येईल ती पुडी वापरणं हा रोग्यावर अन्याय आहे.

तपासणीची पहिली पायरी डोळ्यांची. अख्खा माल असेल तर कळी, फळ आणि पुंकेसर भिंगाखाली कोणीही वेगळे काढील. भुकटी झाली की सूक्ष्मदर्शक लागतो, एचपीटीएलसी ही घटक वेगळे करून दाखवणारी रासायनिक चाचणी लागते. पण एवढ्याने फक्त ओळख पटते. सुरंगी आणि नागचाफा एकाच कुळातले. दोघांतही कुमारिन वर्गातली द्रव्यं सापडतात. म्हणून दोन्हींचं काम सारखं, असं मुळीच समजू नका. रक्त गोठू न देणारं वॉर्फरिनही रसायनदृष्ट्या त्याच मोठ्या वर्गात बसतं! वावडिंगाचंही तसंच. त्याच्या दोन जाती बाजारात येतात, दोन्हींत एम्बेलिन हे रसायन असतं. तेवढ्यावर कृमींसाठी दोन्ही सारख्याच, असा शिक्का मारता येत नाही.

खरी परीक्षा कामाची. रक्तार्शावरचा तोच कल्प, म्हणजे तयार औषध, एकदा नागचाफ्याच्या पुंकेसराचा करायचा, एकदा सुरंगीच्या कळीचा; अनुपान, म्हणजे औषध ज्यातून द्यायचं ते, तेच. आधी सुरक्षितता आणि मात्रा ठरवायची. मग रोग्यांची रीतसर संमती घेऊन, कोणाला कोणता कल्प मिळाला हे त्यांना आणि तपासणाऱ्या वैद्यालाही न कळता, रक्तस्राव किती दिवसांत कमी झाला याची नोंद ठेवायची. सुरंगी यात उतरली तर मला मनापासून आनंद होईल, कारण ती आपल्या दारची आहे. पण तो निकाल रक्तार्शापुरताच धरायचा. चातुर्जातासाठी वेगळी तपासणी.

इथे कळी गोळा करणारी मंडळी बसली आहेत, त्यांना एक विनंती. नमुना पाठवाल तेव्हा त्याच झाडाची पानाफुलांसकट डहाळी कागदात दाबून, वाळवून सोबत द्या. गाव आणि तोडणीचा महिना लिहा. आणि पोत्यावर 'नागकेशर' नको, 'सुरंगी' लिहा.