भाकरीची ओळ म्हणतो आणि ऋणाची ओळ गिळतो, असं का होतं?

प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम. आज चर्चमधनं नाही, घरातनंच, आमच्या स्वयंपाकघरातनं बोलायलोय, मागं आई भाकऱ्या थापतीय त्यामुळं थप थप आवाज येईल, तेवढं चालवून घ्या.

मागच्या रविवारी उपासना संपली, लोक बाहेर पडायले होते, तर आमच्या मंडळीतल्या एक अक्का चपला घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, पास्टर, एक सांगू का, प्रभूची प्रार्थना म्हणताना मी एक ओळ म्हणतच नाही. मी म्हटलं कुठली? तर म्हणाल्या, ती ऋणाची. (येशूनं शिकवलेल्या या प्रार्थनेत भाकरीच्या ओळीनंतर ती येते, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड'.) 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथपर्यंत म्हणते, मग गप्प राहते, सगळे मोहाच्या ओळीला आले की परत सुरू करते. मला वाटलं घरात कुणाशी वाद असेल, जावेशी नाहीतर भावाशी, माफ करवत नसेल. विचारलं पण तसं. तर म्हणाल्या, नाही हो, 'ऋण' म्हटलं की मला मंगळवार दिसतो.

मंगळवारी त्यांचा हप्ता असतो.

तुम्ही बेळगावचे असाल, खानापूरचे असाल, निपाणी-चिकोडीकडचे असाल तर हे जास्त सांगायला नको. आपल्याकडं गल्लीगल्लीत बायकांचे कर्जाचे ग्रुप आहेत, आठ-दहा जणी मिळून एकमेकींची जबाबदारी घेतात, आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला एकीच्या घरी जमतात, फायनान्सवाला येतो, पैसे मोजून घेतो. हे कर्ज वाईटच असं मी म्हणणार नाही, कितीतरी घरांत शिलाई मशीन आलंय यातनं, म्हैस आलीय, पोरीची फी भरली गेलीय. पण या अक्कांचं काय झालं, पहिलं कर्ज मुलीच्या कॉलेजसाठी काढलं, मालक आजारी पडले म्हणून दुसरं, आणि तिसरं काढलं ते पहिल्या दोन्हीचे हप्ते भरायला. आता मंगळवारी सकाळी फाटक वाजलं की त्या मागच्या दारानं शेजारणीकडं जातात. आणि ग्रुपमधल्या बाकीच्या बायका, ज्या एरवी यांच्याबरोबर प्रार्थनेला बसतात, त्याच विचारतात, कुठं गेली ओ ही?

हे ऐकून मी घरी आलो आणि बायबल घेऊन बसलो, कारण मला एका गोष्टीची लाज वाटली. इतकी वर्षं मी ही ओळ शिकवताना 'ऋण म्हणजे इथं पाप बरं का' असं सांगून पुढं सरकत आलोय. म्हणजे त्या बाईला जे खरंच टोचतंय तो शब्द मीच मऊ करून टाकत होतो.

आता बघा, आपल्या सीमाभागात एक मजेची गोष्ट आहे. आमच्या मंडळीत मराठीपण आहेत, कन्नडपण आहेत, सणासुदीला एकत्र उपासना असते आणि प्रभूची प्रार्थना ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत म्हणायची असते, एकाच वेळी. मराठी लोक म्हणतात 'आमची ऋणे आम्हांस सोड'. त्याच वेळी बाजूचे कन्नड बंधू म्हणत असतात 'तप्पु', म्हणजे चुका, अपराध. कन्नडमध्ये कर्जाला 'साल' म्हणतात, तो शब्द तिथं नाहीच. भाकरीच्या ओळीतपण तसंच, आपण 'भाकर' म्हणतो, ते 'आहार' म्हणतात. दोन्ही भाषांतरं चांगलीच आहेत, त्यात भांडायचं काही नाही. पण बायबलात ही प्रार्थना मत्तय आणि लूक अशा दोन शुभवर्तमानांत आहे, त्यातल्या मत्तयच्या मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो सरळ देण्याघेण्यातला आहे, देणं, कर्ज. लूकमध्ये पहिल्या जागी 'पापं' आहे आणि पुढं पुन्हा तोच ऋणी माणूस येतोच. आणि येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात एकच शब्द कर्जालापण आणि पापालापण चालायचा. म्हणजे त्या काळी गालीलातल्या बाईनं ही प्रार्थना म्हटली की तिच्या डोळ्यापुढं देवपण येत असणार आणि सावकारपण.

आणि अजून एक. भाकरीची ओळ आणि ऋणाची ओळ यांच्यामध्ये 'आणि' आहे. भाकर दे, आणि ऋण सोड. दोन्ही मागण्या एका दमात. ज्याच्या घरात ऋण आहे त्याला माहीत असतं की हे दोन विषय नाहीतच, हप्ता गेला की पिठाचा डबा रिकामा होतो, एवढं सरळ आहे ते.

थांबा, जरा इकडं दाखवतो. हे बघा, आईनं काठवटीत पीठ घेतलंय, जोंधळ्याचं, मधे खड्डा करून आधणाचं पाणी ओतलं, आता तळव्यानं रगडतीय. हे पीठ तीन दिवसांपूर्वी गिरणीतनं आणलंय. जास्त दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेनं फाटते, म्हणून आई कधीच महिन्याचं दळून आणत नाही, चार-पाच किलोच आणते. मी एकदा संडे स्कूलमध्ये मान्न्याची, म्हणजे देवानं दिलेल्या अन्नाची, गोष्ट सांगत होतो, बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 16 वा अध्याय, रानात इस्राएली लोकांना रोजच्यापुरतंच गोळा करायचं होतं, ज्यांनी उद्यासाठी ठेवलं त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट, तर एक पोरगी म्हणाली, पास्टर, आमची कडक भाकरी तर पंधरा दिवस राहते की! खरंच आहे तिचं. माझी आई म्हणते, कडक भाकरी प्रवासाला आणि पाहुण्याला, घरच्याला रोजची ऊनऊन. मला तेवढं उत्तर पुरलं.

तर पिठावरनं जातं आठवलं. आता जातं कुणाच्या घरी नाही, आमच्यापण नाही, पण बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात एक नियम आहे जो मी वीस वेळा वाचला असेल आणि कधी त्यावर बोललो नाही. नियम असा, कुणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नका, कारण ते त्याचा जीवच गहाण घेतल्यासारखं आहे. बघा किती बारीक विचार आहे, नुसती वरची तळी नेली तरी दळण बंद, आणि दळण बंद म्हणजे त्या दिवसाची भाकरी बंद. आज त्या जागी शिलाई मशीन ठेवा, बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकराचा माग ठेवा, कुणाची रिक्षा ठेवा. ज्याच्यावर माणूस कमवून खातो आणि ज्यातनं तुमचंच कर्ज फेडणार आहे तेच उचलून न्यायचं नाही.

त्याच अध्यायात पुढं अजून आहे, हे मला फार लागलं. कर्ज देणाऱ्यानं गहाण घ्यायला कर्जदाराच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं. तो माणूस स्वतः आत जाईल आणि आणून देईल. आणि गरिबाचं पांघरूण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत द्यायचं, त्याला रात्री अंगावर घ्यायला दुसरं काय आहे? म्हणजे पैसे बुडवा असं देव म्हणत नाही, देणं आहे ते द्यायचंच आहे, पण उंबरा ओलांडायचा नाही. घरात बायकापोरं आहेत, चूल आहे, त्या माणसाची अब्रू आहे, ते तुम्ही कर्जाबरोबर विकत घेतलेलं नाही. सोप्यात येऊन ठाण मांडून बसणं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडणं, पोरांना विचारणं आई कुठाय, हे सगळं त्या एका नियमात अडवलंय. मी अक्कांना फोनवर हा भाग वाचून दाखवला, त्या बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाल्या, बाहेर उभं राहायचं असं लिहिलंय होय?

आणि हे नुसतं बायबलच्या जुन्या करारात आहे असं समजू नका, आजचा कायदापण साधारण तेच सांगतो आणि हे प्रत्येक बाईला माहीत पाहिजे म्हणून मी इथं मुद्दाम सांगतोय. रिझर्व्ह बँकेनं मायक्रोफायनान्ससाठी, म्हणजे अशा छोट्या कर्जांसाठी, 2022 मध्ये नियम काढले. या कर्जाला काहीही तारण घ्यायचं नाही. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर फोन करायचा नाही, शिव्या नाहीत, धमकी नाही, नातेवाईकांना नाहीतर शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, नाव जाहीर करायचं नाही. आणि आपल्या कर्नाटकात 2025 च्या फेब्रुवारीत सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, पुढं त्याचा कायदा झाला, त्यात 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड ठेवलाय. पोलिसांकडं जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं काही नाही. देवानं नियम दिलेत ते वापरायलाच दिलेत.

आता माझ्या बाजूचं बोलतो, कारण ओळ दुसऱ्याला सांगायची आणि स्वतःची वही झाकून ठेवायची हे बरोबर नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका अण्णांना मी 12 हजार दिले. माझ्या स्वतःच्या पैशातले. माग सुरू झाले की देतो म्हणाले. माग सुरू झाले, पैसे आले नाहीत. मी मागितले नाहीत, पण डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते, आणि घरोघरी भेटी द्यायला निघालो की त्यांची गल्ली तेवढी राहून जायची. राहून कसली जायची, मीच ठेवायचो. आणि मग मला दिसायला लागलं की प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात त्या, रविवारी ते पुढं येत नाहीत, सगळ्यात मागच्या बाकावर बसून राहतात. एकदा नाही, सहा-सात महिने. मी हातात भाकर आणि प्याला घेऊन उभा, मला तो माणूस समोर दिसतोय, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की, लाज तरी वाटतीय, बरं आहे. पाळकाच्या मनात हे आलं, प्रभूच्या मेजासमोर उभं राहून.

येशूनं ती गोष्ट सांगितलीय ना, मत्तय 18, एका चाकराला राजानं प्रचंड कर्ज सोडलं आणि त्यानं बाहेर येऊन दुसऱ्या चाकराचा गळा धरला. मूळ आकडे 10 हजार टॅलेंट आणि 100 दिनार. दिनार म्हणजे त्या वेळची एका दिवसाची मजुरी, आणि एक टॅलेंट साधारण 6 हजार दिनार. आजची हजेरी 500 रुपये धरली तर राजानं सोडले 3 हजार कोटी. आणि दुसरा देणं लागत होता 50 हजार. आपण प्रवचनात ही दुसरी रक्कम क्षुल्लक म्हणून सांगतो, पण 50 हजार क्षुल्लक आहेत काय हो? 100 दिवस राबल्याचे पैसे आहेत ते, ग्रुपमधल्या एखाद्या बाईचं अख्खं कर्ज तेवढंच असतं. येशूला मजुरी माहीत होती, त्यानं रक्कम बघूनच घेतलीय असं मला वाटतं. सोडणाऱ्याला लागतं, हे त्याला ठाऊक आहे. माझे 12 हजार मला लागलेच होते.

शेवटी एका संध्याकाळी गेलो त्यांच्या घरी. त्यांच्या घरच्यांनी चहा टाकला. मी म्हटलं, अण्णा, ते पैसे मी सोडले, आजपासून विषय संपला. मला वाटलं त्यांना हलकं वाटेल. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, सोडू नका पास्टर, मी देणार आहे, फक्त तुम्ही यायचं बंद करू नका.

यावर मला काही बोलताच आलं नाही. मी ऋण सोडायला गेलो होतो आणि त्यांना माझं येणं-जाणं पाहिजे होतं, ते मी कापून ठेवलं होतं, ती उधारी माझ्याकडं होती. आता ते कधी 200 देतात, कधी 500, कधी दोन-तीन महिने काहीच नाही, डायरीचं ते पान मी फाडलंय त्यामुळं किती झाले ते माझ्याकडं लिहिलेलं नाही, त्यांच्याकडं असेल. पुढच्या प्रभुभोजनाला ते तिसऱ्या ओळीत होते.

तर त्या अक्कांचं. मी त्यांना ती ओळ म्हणा असं सांगितलेलं नाही. प्रार्थनेत 'मी' हा शब्द कुठंच नाही, सगळं 'आम्ही'च आहे, त्यामुळं त्या गप्प राहतात तेवढ्या वेळात बाकीच्यांनी जरा मोठ्यानं म्हणायचं असं मी मनात ठरवलंय, या रविवारी मी तसं म्हटलंपण. आणि आमच्या मंडळीतले दोघे वडीलधारे, एक बँकेतनं रिटायर झालेले आहेत, ते तिन्ही कर्जांची कागदं घेऊन बसलेत, कुणाचं व्याज किती, कुठली नोंदणीकृत, कुठली नाही, कुठल्या हप्त्याला मुदत वाढवून मिळेल.

उद्या मंगळवार. सकाळी मी अक्कांच्या घरी जाणार आहे, ते दोघेपण येणार आहेत. आई भाकऱ्या बांधून देणार आहे, या आत्ताच्या नाही, सकाळच्या. आम्ही पुढच्या दाराला कट्ट्यावर बसणार, हप्तेवाला पोरगा आला की त्यालापण बसायला सांगणार, तोपण कुणाच्यातरी घरचा आहे, त्याच्यावरपण वरनं टार्गेट असतं. पण बोलणं बाहेर होईल. अक्कांना म्हटलंय मागच्या दाराला आतनं कडी लावून ठेवा, उद्या लागणार नाही ते.

तुमच्याकडं असा कुठला वार असेल तर खाली नुसतं वाराचं नाव लिहा, बाकी काही नको, नावगाव नको. मी त्या वारी प्रार्थनेत घेईन. आई, झाल्या काय गं? झाल्या म्हणतीय. सलाम.