सात टोपल्या

(पहाट. ओसरीवर ओळीनं सात टोपल्या. पाणी शिंपडल्याचा आवाज.)

औसा तालुक्यातलं हे घर. पाच वाजलेत. गोठ्यातली धार अजून निघायची आहे, पण आक्कांचा दिवस सुरू झालाय.

सात टोपल्या, सात वार. पहिलीत काल पेरलेला गहू, शेवटच्या टोपलीत वीतभर वाढलेले गव्हांकुर. गहू रात्रभर भिजवायचा, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, मग शेणखत मिसळलेल्या काळ्या मातीत दाट पेरायचा. थेट ऊन लागू द्यायचं नाही. सातव्या-आठव्या दिवशी कात्रीनं कापायचा आणि लगेच वाटायचा.

(पाटा-वरवंटा, जवळून.)

घरात मिक्सर आहे. पण जडीबुटीवाल्या बुवांनी सांगितलंय, मिक्सरनं गुण जातो. म्हणून पाटा. वाटताना उजवा हात खांद्यातून पुरता फिरत नाही. छातीतली कर्करोगाची गाठ त्याच बाजूला आहे. सून पुढं होते, "आत्या, द्या इकडं." आक्का वरवंटा सोडत नाहीत. रस फडक्यातून पिळायचा. अर्धा पेला. मीठ नाही, साखर नाही.

मे महिन्यात गावाला टँकर होता. घरातल्यांच्या आंघोळी दिवसाआड झाल्या, टोपल्यांचं शिंपण एकदाही चुकलं नाही.

(वही. बोट रकान्यांवरून फिरतं.)

नातवाची जुनी वही. रकाने चार: रस, पुडी, काढा, पथ्य. अकरा महिने. एकही चौकोन रिकामा नाही. वांगं बंद, चिंच बंद, चहा बंद. भाचीच्या लग्नात पंगतीला बसल्या, पानात घरून नेलेली भाकरी.

दवाखान्यात याला अडाणीपणा म्हणतात. आम्हीही तसंच समजून इथं आलो होतो. ही वही बघितल्यावर तो शब्द आम्ही निवेदनातून काढला.

(आक्का, चुलीपुढं.)

"मोठ्या दवाखान्यात गेले तर आपरेशन म्हणले, कागद दिला, बाहेर बसा म्हणले. म्या काय करायचं ते कुणी सांगितलंच न्हाई. बुवांनी कामाला लावलं बगा. हाताला काम असलं की रातच्याला भ्या वाटत न्हाई."

शिवाय पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट: गाठीला हत्यार लागलं की रोग पसरतो. हे खरं नाही. रोग आधीच पसरलेला असताना टेबलावर गेलेले लोक गावाच्या लक्षात राहतात, वेळेत जाऊन बरे झालेले कुणाला सांगत फिरत नाहीत.

(दारातली सदाफुली.)

दारात सदाफुली आहे, मराठवाड्यात ती कुठं नाही? हिच्यापासूनच व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगाची औषधं मिळाली. शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात. झाडपाल्याचं डॉक्टरांना वावडं नाही. पानं वाटून पिली, तर मात्र विषबाधा.

आणि निष्ठेचं म्हणाल, तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला, १ लाख ३१ हजारांवर बायकांचा. २००९ साली निकाल छापून आले. ज्या गटाला एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी दिली, तिथले मृत्यू चाचणी न दिलेल्या गटाच्या मानानं जवळपास निम्म्यावर आले. बोलावलेल्या दर पाचजणींपैकी साधारण चौघी चाचणीला आल्या होत्या. शेतातली कामं सोडून आलेल्या याच बायका.

(टोपल्या. दोन सेकंद शांतता.)

अकराव्या महिन्यात गाठीवरची कातडी फुटली, काखेतही गाठ लागली. नेहमीचे उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगात अशा रुग्णांच्या मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. आक्कांना आता आधी केमो, मग ऑपरेशन.

(एसटी स्टँड. मांडीवर पिशवी.)

बार्शीची गाडी. बार्शी मराठवाड्यात नाही, पण इकडचे पेशंट वर्षानुवर्षं तिथल्याच कर्करोगाच्या दवाखान्यात जातात. पिशवीत फाईल, भाकरी आणि ती वही. नातवानं नवं पान आखून दिलंय: केमोची तारीख, ताप, किती जेवण, किती पाणी. नर्सबाईंनी सांगितलंय, ताप शंभराच्या वर गेला की लगेच फोन करायचा.

पाचवा रकाना आक्कांनी स्वतः मागून घेतला. त्याला अजून नाव दिलेलं नाही.

(वही मिटते. गाडी सुटते.)