आवाज कोणाच्या चालीने चालतो?

(दृश्य: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा उभा ट्रक, इंजिन चालू. कॅबच्या खालून बारीक शिट्टी येते आहे. काही क्षण फक्त तो आवाज.)

ही शिट्टी ऐका. गाडी जागेवर आहे, गिअर न्यूट्रलमध्ये. आता ड्रायव्हर रेस वाढवतोय आणि शिट्टी वर चढते आहे. रेस सोडली, शिट्टी खाली आली.

एवढ्यावरून मागचा सगळा पसारा संशयातून सुटला. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा आउटपुट शाफ्ट, तिथून मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट, ती दोन्ही चाकांत वाटणारा डिफरन्शिअल, चाकांची बेअरिंग, यातलं काहीच आत्ता फिरत नाहीये. फिरतंय ते फक्त इंजिनाच्या बरोबरीने फिरणारं सामान. आवाज त्यातूनच येतोय.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आवाजाबद्दल बोलताना आपण शब्द शोधत बसतो. घरघर, करकर, कुरकुर, गुरगुर. एकाची घरघर ती दुसऱ्याची गुरगुर असते, आणि मेकॅनिकपर्यंत पोचेपर्यंत तिसरंच काहीतरी झालेलं असतं. आवाज कसा येतो याला माझ्या मते फार किंमत देऊ नये. तो कोणाच्या चालीने वाढतो-घटतो, हे आधी पाहावं. इंजिनाच्या आरपीएमबरोबर (म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर), गाडीच्या वेगाबरोबर, एखाद्या ठराविक गिअरमध्ये, की फक्त लोड पडल्यावर?

(दृश्य: गिअरबॉक्सची प्लेट, त्यावरचं मॉडेल.)

त्याआधी एक खात्री करून घ्या. क्लचचं पेडल नाही म्हणून प्रत्येक ट्रक पूर्ण ऑटोमॅटिक नसतो. व्होल्वोचा आय-शिफ्ट किंवा स्कॅनियाचा ऑप्टिक्रूझ हे ऑटोमेटेड मॅन्युअल आहेत. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पोचवणारा भाग, नसतो, कोरडा क्लच असतो. अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये क्लच आणि गिअर हवेच्या दाबावर हलतात, त्यामुळे गिअर बदलताना हवा सुटल्याचा ‘फुस्स’ आवाज येणारच. तो बिघाड नाही. रिटार्डर, म्हणजे गाडीचा वेग आवरणारा जादा ब्रेक, लावल्यावर उठणारी घुमारेदार गर्जनाही बिघाड नाही. सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची, बारीक गुणगुणसुद्धा बहुतेक वेळा नेहमीचीच असते.

आपला विषय टॉर्क कन्व्हर्टर असलेला गिअरबॉक्स. १९०५ मध्ये जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी या कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. इंजिनाकडून येणारं एक पंख्याचं चाक तेल भिरकावतं, समोरचं दुसरं चाक त्या तेलाच्या माऱ्याने फिरतं, आणि मधला स्टेटर तेलाची दिशा वळवून टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, वाढवतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात धातूची पक्की सांगड नसते. ती लागते दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉक-अप क्लच बसल्यावरच. पुढच्या तपासात ही गोष्ट कामाला येणार आहे.

(दृश्य: डिपस्टिक बाहेर काढून पांढऱ्या कापडावर पुसली जाते.)

तेल बघितल्याशिवाय एकही बोल्ट खोलू नका. गाडी सपाट जागेवर घ्या. गिअरबॉक्स गरम असू द्या. बहुतेक गिअरबॉक्समध्ये पातळी इंजिन चालू ठेवूनच बघतात, तरी कंपनीचं पुस्तक काय म्हणतं ते बघाच. तेल कमी असलं की गिअरबॉक्सचा तेलपंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि शिट्टी मारतो. फिल्टर तुंबला की पंपाच्या घशाशी पुरेसं तेल येत नाही आणि तशीच शिट्टी येते. जास्त तेल भरलं तर? फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि पंपाच्या वाट्याला पुन्हा हवाच येते. म्हणून आवाज आला की एक लिटर ओतून बघायची सवय वाईट. तपकिरी, जळका वास येणारं तेल गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचप्लेट घसरत असल्याचं सांगतं. गुलाबी, दुधाळ तेल म्हणजे कूलरमधून पाणी आत शिरलंय. अशा गाडीत आवाज हा दुय्यम प्रश्न आहे, कारण पाण्याने क्लचप्लेटचं अस्तर सुटायला लागतं.

तेल ठीक निघालं. आता पुन्हा त्या शिट्टीकडे.

तेलपंप टॉर्क कन्व्हर्टरच्या नळीवर बसलेला असतो, म्हणून तो इंजिनाच्याच वेगाने फिरतो. पार्क असो, न्यूट्रल असो, कुठलाही गिअर असो, पंपाची शिट्टी आरपीएमबरोबर चढते-उतरते. गिअरबॉक्समधला तेलाचा दाब रिव्हर्समध्ये सहसा वाढवलेला असतो. तेव्हा रिव्हर्स टाकताच शिट्टी मोठी झाली तर संशय पंपाकडे जास्त झुकतो. पण घाई नको. पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि अल्टरनेटरचं बेअरिंगही आरपीएमबरोबरच ओरडतात. स्टिअरिंग थोडं फिरवा. आवाज त्याबरोबर बदलला तर गिअरबॉक्सला उगाच दोष देत होतो.

(दृश्य: चाकांना पुढून-मागून ठोकळे. पार्किंग ब्रेक. समोर कोणी नाही.)

आता चाचणी गाडी उभी ठेवून, पण गिअरमध्ये. ठोकळे लावा, ब्रेक घट्ट दाबा, ड्राइव्हमध्ये टाका. कन्व्हर्टरमधलं इंजिनाकडचं चाक फिरतंय, गिअरबॉक्सकडचं थांबलंय. कन्व्हर्टरच्या आतल्या बेअरिंगवर फरक पडतो तो इथेच. न्यूट्रलमध्ये दोन्ही चाकं जवळपास एकाच वेगाने फिरतात आणि बेअरिंग गप्प बसतं. ड्राइव्हमध्ये येणारी घरघर न्यूट्रलला नाहीशी होत असेल, तर बोट कन्व्हर्टरकडे. आयडलवर, म्हणजे रेस न देता, एवढं पुरतं. ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची स्टॉल टेस्ट आवाजासाठी करू नये. तिच्यात इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. कंपनीने सांगितलीच तर काही सेकंदांच्या पुढे जाऊ नये.

याच जागी एक फसवा आवाज भेटतो. आयडलवर ठकठक, जणू इंजिनच आतून ठोकतंय. कित्येक इंजिनं या एका आवाजावरून खोलली जातात आणि आत काहीच निघत नाही. खरा दोषी फ्लेक्सप्लेट, इंजिन आणि कन्व्हर्टर यांना जोडणारी पातळ पोलादी तबकडी. ती बोल्टच्या भोकांभोवती तडकते, किंवा बोल्टच ढिले होतात. फोनवर आवाज रेकॉर्ड करून त्याची लहर पाहा. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेरे. फ्लेक्सप्लेटची ठोक सहसा प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला १० वेळा पडते. एखाद्या सिलिंडरची इंधनाच्या इंजेक्शनची ठोक दोन फेऱ्यांत एकदाच, म्हणजे ५ वेळा. मग इंजिन बंद करून बेल हाउसिंगचं, म्हणजे कन्व्हर्टरभोवतीच्या घंटेसारख्या कवचाचं, खालचं झाकण काढा, इंजिन हाताने फिरवा आणि टॉर्चच्या उजेडात भोकं एकेक करून बघा. स्वस्त भाग आहे हा. महाग आहे तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं.

(दृश्य: मोकळा, सपाट रस्ता. स्पीडोमीटर आणि आरपीएमचा काटा एका चौकटीत.)

आता रस्त्यावर. वेग तोच ठेवायचा, गिअर बदलायचा. ॲलिसन कंपनीच्या ६ गिअरच्या मोठ्या ट्रकमधल्या गिअरबॉक्सचं उदाहरण घ्या. आउटपुट शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे चौथ्या गिअरमध्ये १.००, पाचव्यात ०.७५. लॉक-अप लागलेला असताना चौथ्यात २००० आरपीएम असतील, तर त्याच वेगाला पाचव्यात १५००. आवाज इंजिनाच्या बाजूचा असेल तर तोही तीन चतुर्थांशावर येईल. गाणं शिकलेल्या कानाला हा फरक आकड्यांशिवाय कळेल. तो मध्यमावरून षड्जावर उतरल्याएवढाच आहे. आवाज जागचा हलला नाही, तर मात्र तो गाडीच्या वेगाने चालतोय. शोध आउटपुट बेअरिंगपासून मागे.

मागचं पटकन सांगतो. ड्राइव्हमधून रिव्हर्स टाकताना एकच ‘ठक्’ आली तर युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला आपण क्रॉस म्हणतो. त्याच्या टोप्यांभोवती लालसर गंजाची पूड दिसली की ग्रीस संपलेलं आहे. ॲक्सिलरेटर दाबला की ओरडणारा आणि सोडला की गप्प होणारा आवाज डिफरन्शिअलचा असू शकतो. रस्त्याचा पोत बदलला की बदलणारा आवाज टायरचा.

एकाच गिअरमधली घरघर जास्त रंजक. ऑटोमॅटिकच्या आत प्लॅनेटरी गिअर असतात, मधला सूर्य, भोवती फिरणारे ग्रह, बाहेर दातेरी कडं. चौथ्यासारख्या १.०० च्या डायरेक्ट गिअरमध्ये हा सगळा संच एकसंध होऊन फिरतो, दाते एकमेकांवर घासतच नाहीत. पहिल्या-दुसऱ्यात घरघर, डायरेक्टमध्ये शांतता, पुढे पाचव्यात पुन्हा घरघर, असा नमुना मिळाला की प्लॅनेटरी संचावर माझा तरी संशय पक्का होतो.

आणि शेवटची तक्रार, जी आवाजापेक्षा थरथर जास्त असते. हलक्या ॲक्सिलरेटरवर, सरळ रस्त्यावर, गाडी रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांवरून जात असल्यासारखी कापते. ड्रायव्हर टायरला शिव्या देतो. डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करून बघा, ॲक्सिलरेटर आहे तिथेच ठेवून. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लॉक-अप सोडतो. थरथर त्या क्षणी थांबली, तर लॉक-अप क्लच घसरतोय. कधी चुकीच्या किंवा जुन्या तेलानेही हे होतं, म्हणून आधी कंपनीने सांगितलेलं तेल, मग कन्व्हर्टर.

(दृश्य: खाली उतरवलेलं गिअरबॉक्सचं ऑइल चेंबर. तळाशी लोहचुंबक.)

संशय कुठेही गेला तरी साक्ष चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, देतं. चुंबकावरची राखाडी, मऊ पेस्ट ही रोजची झीज. बोटाला खरखर लागली, चकाकणारे तुकडे दिसले, तर दाते किंवा बेअरिंग. पिवळसर तुकडे बुशचे किंवा थ्रस्ट वॉशरचे. काळे पापुद्रे क्लचप्लेटचे. चुंबकाला न चिकटणारे पांढरट कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे काहीतरी केसिंगला किंवा पंपाला घासतंय.

तुकडे सापडले तर गाडी चालवत वर्कशॉपला नेऊ नका. आणि टोइंग करतानाही सांभाळा. इंजिन बंद म्हणजे तेलपंप बंद. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आउटपुट शाफ्ट आणि ग्रहांचे गिअर तेलाशिवाय फिरत राहतात. ओढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट उतरवा, नाहीतर ॲक्सल शाफ्ट बाहेर काढा.